मातीविना लेट्यूस : नत्राची तीन रूपे व त्यांचे परिणाम

१. विषयप्रवेश

काशीक्षेत्री गंगा उत्तरवाहिनी आहे. तिच्या पश्चिम तीरावरील घाटांच्या रांगेत, भोसले घाट आणि पंचगंगा घाट यांच्या दरम्यान रामघाट लागतो. सांगवेद विद्यालय याच घाटावर आहे. येथून पुढे दुर्गाघाट व ब्रह्माघाट यांच्या आसपासच्या गल्ल्यांत मराठी कुटुंबांची जुनी वस्ती आहे. हा सर्व परिसर दगडाचा आहे. पायऱ्या दगडी, गल्ल्या फरसबंद आणि घरे एकमेकांस टेकून उभी. भाजीच्या वाफ्यास येथे जागा नाही. ऊन मिळते ते गच्चीवर. परंतु वीतभर जाडीचा ओल्या मातीचा थर एका चौरस मीटरवर तीनशे किलोग्रॅमच्या आसपास भार टाकतो, आणि जुन्या इमारतींना तो पेलेलच असे नाही.

अशा गच्चीवर मातीवाचून एखादी पालेभाजी पिकविता येईल काय? येईल. झाडाला मातीची गरज दोन कारणांसाठी असते. मुळांना आधार हवा असतो आणि पाण्यात विरघळलेले क्षार हवे असतात. या दोन्ही गोष्टी अन्य मार्गाने पुरविल्या, तर झाड मातीवाचून वाढते. या रीतीस मातीविना शेती किंवा हायड्रोपोनिक्स असे म्हणतात. लेट्यूस ही वनस्पती या रीतीने विशेष चांगली येते. तिचे शास्त्रीय नाव लॅक्टुका सटायव्हा असे आहे. मराठीत तिला सालीट म्हणतात. उत्तर हिंदुस्थानात आणि युनानी वैद्यकात ती काहू या नावाने जुन्या काळापासून परिचित आहे.

तथापि या शेतीत नवख्या माणसाची फसगत एका ठिकाणी हटकून होते. पानांच्या वाढीसाठी नत्र पाहिजे, हे त्याने ऐकलेले असते. शेतात युरिया टाकला की पीक हिरवेगार होते, हे त्याने पाहिलेले असते. म्हणून तो पाण्यात युरिया विरघळवितो. काही दिवसांत रोपे फिकट पडतात, मुळे तपकिरी होतात, आणि खत तर पुरेसे दिले होते मग असे का झाले, हे त्यास उमगत नाही. याचे कारण असे की, नत्र किती दिले याइतकेच ते कोणत्या रूपात दिले हेही महत्त्वाचे असते. हा फरक मातीत झाकला जातो, पाण्यात तो उघडा पडतो. प्रस्तुत पुस्तिकेत या फरकाचाच विचार करावयाचा आहे.

२. थोडा पूर्वेतिहास

१६९९ साली जॉन वुडवर्ड या इंग्रज अभ्यासकाने पुदिन्याची रोपे निरनिराळ्या पाण्यांत वाढवून पाहिली. पावसाच्या पाण्यात ती थोडी वाढली, थेम्स नदीच्या पाण्यात अधिक वाढली आणि बागेची माती कालविलेल्या पाण्यात सर्वांत अधिक वाढली. झाड केवळ पाण्यावर जगत नाही, पाण्यात असलेल्या अन्य पदार्थांचीही त्यास गरज असते, असा निष्कर्ष त्यातून निघाला. ते पदार्थ कोणते, हे ठरण्यास मात्र दीड शतकाहून अधिक काळ जावा लागला. १८६० च्या सुमारास जर्मनीत युलियस साक्स व विल्हेल्म क्नॉप यांनी शुद्ध क्षार पाण्यात विरघळवून त्यांवर झाडे वाढविली. क्नॉप यांच्या द्रावात नत्र होते ते कॅल्शियम नायट्रेट व पोटॅशियम नायट्रेट या क्षारांच्या रूपाने.

पुढे अमेरिकेतील कॅलिफोर्निया विद्यापीठात विल्यम गेरिके यांनी ही रीत प्रयोगशाळेतून बाहेर आणली आणि १९३७ साली तिला हायड्रोपोनिक्स हे नाव रूढ केले. त्याच विद्यापीठातील डेनिस होगलंड व डॅनियल आर्नन यांनी १९३८ साली पोषक द्रावाच्या दोन कृती प्रसिद्ध केल्या. दोन्हींत नत्राचे प्रमाण सारखेच, म्हणजे लिटरमागे सुमारे २१० मिलिग्रॅम होते. पण पहिल्या कृतीत सर्व नत्र नायट्रेटच्या रूपात होते, तर दुसऱ्या कृतीत त्याचा पंधरावा भाग अमोनियमच्या रूपात होता. या लहानशा फरकाचे मर्म पुढे ध्यानात येईल.

हिंदुस्थानातही या शेतीचा प्रयत्न लवकर झाला. १९४६ साली दार्जिलिंग जिल्ह्यातील कॅलिम्पाँग येथे जे. शोल्टो डग्लस यांनी प्रयोग आरंभिले. महागडी यंत्रे न वापरता, खडी व वाळू भरलेल्या हौद्यांत क्षारांचे मिश्रण देऊन वर पाणी घालावयाचे, अशी त्यांची साधी पद्धत होती. ती 'बंगाल पद्धती' म्हणून ओळखली गेली.

३. नत्राची तीन रूपे

हवेचा सुमारे ७८ टक्के भाग नत्रवायूचा आहे. परंतु उच्च वनस्पतींना तो सरळ वापरता येत नाही. त्या वायूतील अणूंची जोडी अतिशय घट्ट बांधलेली असते. ती तोडण्याचे काम निसर्गात काही सूक्ष्म जीव करतात. भाताच्या खाचरांत व उसर जमिनींत नील-हरित शैवाल हे काम कसे करते, याचे महत्त्वपूर्ण संशोधन काशी हिंदू विद्यापीठात रामनगिन सिंह यांनी केले. १९६१ साली त्यांचा या विषयावरील ग्रंथ प्रसिद्ध झाला. कारखान्यात हेच काम फ्रिट्झ हाबर व कार्ल बॉश यांच्या रीतीने, प्रचंड दाब व उष्णता देऊन केले जाते. सिंद्री येथे १९५१ साली, तुर्भे येथे १९६५ साली आणि काशीच्या उत्तरेस गोरखपूर येथे १९६० नंतरच्या दशकात असे कारखाने उभे राहिले. गोरखपूरचा जुना कारखाना १९९० साली बंद पडला. तेथील नव्या युरिया कारखान्याचे उद्घाटन २०२१ साली झाले.

खतांतून झाडांना मिळणारे नत्र मुख्यतः तीन रूपांत असते.

पहिले रूप नायट्रेट. हा ऋणभारित आयन होय. कॅल्शियम नायट्रेट या खतात सुमारे १५.५ टक्के आणि पोटॅशियम नायट्रेटमध्ये सुमारे १३ टक्के नत्र असते.

दुसरे रूप अमोनियम. हा धनभारित आयन होय. अमोनियम सल्फेटमध्ये सुमारे २१ टक्के नत्र असते.

तिसरे रूप युरिया. त्याच्या रेणूवर कोणताच विद्युत्भार नसतो. त्यात ४६ टक्के नत्र असते. म्हणजे वजनाच्या मानाने नत्र पुरविण्यात तो सर्वांत पुढे आहे, आणि शेतकऱ्याला तो स्वस्तही पडतो.

४. मातीतील अदृश्य कामकरी

शेतात युरिया टाकला तरी पीक का जोमाने वाढते? याचे कारण मातीत वस्ती करून असलेले जीवाणू होत. मातीतील युरिएज नावाचे विकर युरियाचे विघटन करून त्यापासून अमोनियम बनविते. त्यानंतर जीवाणूंचा एक गट अमोनियमचे नायट्राइट करतो, आणि दुसरा गट नायट्राइटचे नायट्रेट करतो. उबदार, ओलसर व हवा खेळती असलेल्या जमिनीत हे काम काही दिवसांत ते काही आठवड्यांत पार पडते. शेतकऱ्याने कोणतेही नत्रखत टाकले, तरी मुळांपाशी पोचेपर्यंत त्याचा बराचसा भाग नायट्रेट झालेला असतो.

या कामाचा पुरावा गंगेच्या खोऱ्यातील लोकांनी शतकानुशतके डोळ्यांनी पाहिला आहे. जुन्या मातीच्या भिंती, गोठे आणि वस्तीजवळची जमीन यांवर पावसाळ्यानंतर पांढरा क्षार फुलून येई. तो खरवडून, पाण्यात विरघळवून व राखेच्या साहाय्याने शुद्ध करून नोनिया लोक सोरा तयार करीत. बिहारमधील हा सोरा बंदुकीच्या दारूसाठी ईस्ट इंडिया कंपनी जहाजे भरून युरोपात नेत असे. सोरा म्हणजेच पोटॅशियम नायट्रेट. जनावरांच्या मूत्रातील युरियाचे मातीतील जीवाणूंनी केलेले ते रूपांतर होते. मातीविना शेतीत आज जे खत मोजून पाण्यात घालतात, ते रासायनिक दृष्ट्या त्या भिंतीवरील क्षाराचेच भावंड आहे.

आता स्वच्छ पाणी भरलेल्या डब्याचा विचार करावा. त्यात माती नाही. म्हणून हे जीवाणूही आरंभी फारसे नाहीत. जे रूप पाण्यात घातले, बहुतांशी तेच मुळांपुढे येते. शेतात घडलेली चूक माती सावरून घेते. डब्यातील चूक सावरणारा कोणी नसतो.

५. मुळे आणि पाणी यांमधील देवघेव

मुळाने एखादा भारित आयन आत घेतला की, विद्युत्भाराचा तोल राखण्यासाठी त्याला काही देवघेव करावी लागते. नायट्रेट हा ऋणभारित आयन आत घेताना मूळ पाण्यातील हायड्रोजन आयनही आत ओढते किंवा बायकार्बोनेटसारखे ऋणभारित आयन बाहेर सोडते. परिणामी पाण्याची आम्लता कमी होते आणि सामू, म्हणजे पीएच, वर चढतो. अमोनियम घेताना याच्या नेमके उलट घडते. मूळ हायड्रोजन आयन बाहेर टाकते, पाणी आम्ल होते आणि सामू खाली उतरतो.

लेट्यूसच्या मुळांभोवतीच्या द्रावाचा सामू साधारणतः ५.५ ते ६.५ यांच्या दरम्यान असावा. तो ७ च्या वर गेला, तर लोह, मँगनीज यांसारखी द्रव्ये पाण्यात असूनही मुळांना मिळेनाशी होतात. कोवळी पाने पिवळी पडतात, शिरा मात्र हिरव्या राहतात. तो ४ च्या आसपास उतरला, तर मुळांना प्रत्यक्ष इजा होते.

येथे स्थानिक पाण्याचा प्रश्न उपस्थित होतो. गंगेच्या मैदानातील भूजलात बायकार्बोनेटचे प्रमाण बरेच असते. ते कठीण व किंचित अल्कधर्मी असते. अशा पाण्यात केवळ नायट्रेट घातल्यास, मुळातच वर असलेला सामू आणखी वर चढतो. येथे थोडे अमोनियम उपकारक ठरते, कारण त्यामुळे निर्माण होणारी आम्लता बायकार्बोनेटचा अतिरेक मोडून काढते. होगलंड व आर्नन यांच्या दुसऱ्या कृतीत अल्प अमोनियम होते, त्याचाही उपयोग हाच. याउलट, पावसाचे साठविलेले पाणी घेतले, तर त्यात आम्लता शोषून घेणारे बायकार्बोनेट जवळजवळ नसते. तेवढ्याच अमोनियमने सामू झपाट्याने घसरू शकतो. सारांश, पाण्याची परीक्षा केल्यावाचून खताची निवड करता येत नाही. काशीतील विहिरीला लागू पडणारे प्रमाण कोकणातील पागोळीच्या पाण्याला लागू पडेलच असे नाही.

६. अमोनियमचा अतिरेक

अमोनियम झाडाला अधिक सोयीचे वाटावे असे आहे. नायट्रेटचे आधी नायट्राइट व मग अमोनियम करावे लागते, त्यानंतरच त्यापासून अमिनो आम्ले बनतात. यात झाडाची शक्ती खर्च होते. अमोनियम दिल्यास हा खर्च वाचतो. मग सर्व नत्र अमोनियमच्या रूपात का देऊ नये?

याची तीन कारणे आहेत. पहिले असे की, नायट्रेट पेशींतील रिक्तिकांत निर्धोक साठविता येते. अमोनियमचा साठा मात्र पेशींना अपायकारक असतो. मुळात शिरताच त्याचे अमिनो आम्लांत रूपांतर करावे लागते आणि त्यासाठी पानांत तयार झालेली साखर मुळांकडे यावी लागते. ऊन कमी असेल किंवा पाणी तापल्यामुळे मुळांची साखर श्वसनातच खर्च होत असेल, तर अमोनियम तुंबते. दुसरे असे की, अमोनियम हा धनभारित असल्याने कॅल्शियम, मॅग्नेशियम व पोटॅशियम या अन्य धनभारित आयनांच्या शोषणात अडथळा आणतो. लेट्यूसला कॅल्शियमची चणचण लगेच जाणवते. आतील कोवळ्या पानांच्या कडा करपून तपकिरी होतात. तिसरे कारण म्हणजे वर सांगितलेली आम्लता.

अमोनियमने पीडित झालेले रोप ओळखणे कठीण नाही. ते खुजे राहते. पाने कधी गडद हिरवी दिसतात, पण लहान असतात. मुळे आखूड, जाड व तपकिरी होतात. म्हणून लेट्यूसच्या द्रावात एकूण नत्राचा फार तर पाचवा ते चौथा भाग अमोनियमच्या रूपात असावा, आणि उष्ण दिवसांत त्याहूनही कमी, असा सर्वसाधारण संकेत आहे.

७. युरिया पाण्यात का चालत नाही

युरियाचे विघटन करणारे युरिएज हे विकर विज्ञानाच्या इतिहासात प्रसिद्ध आहे. १९२६ साली जेम्स समनर यांनी अबईच्या जातीतील जॅक बीन या शेंगेच्या बियांपासून ते स्फटिकरूपात मिळविले; स्फटिकरूपात मिळालेले ते पहिले विकर होय. त्याच विकरात निकेल हा धातू असतो, हे १९७५ साली सिद्ध झाले.

लेट्यूसच्या अंगीही युरिएज असते, परंतु मुळांची युरिया शोषून घेण्याची व त्याचे विघटन करण्याची गती वाढीस पुरेल इतकी नसते. निकेलचा सूक्ष्म अंश नसेल, तर न फुटलेला युरिया पानांत साठून त्यांच्या कडा जाळतो. द्राव जुना झाला व त्यात जीवाणूंनी घर केले, म्हणजे युरियाचे अमोनियम होऊ लागते; पण ते केव्हा व किती होईल याचा भरवसा नसतो. भारतात युरियावर निंबोळी तेलाचा लेप देतात, तो शेतात नायट्रेट बनण्याची गती मंद करण्यासाठी. डब्यातील शेतीत या लेपाचा काहीच लाभ नाही. तात्पर्य, युरिया हे मातीचे उत्तम खत आहे. पाण्याच्या डब्यात मात्र नत्राचा एकमेव आधार म्हणून ते भरवशाचे नाही.

८. पानातील नायट्रेटचा साठा

एवढ्यावरून कोणी असा समज करून घेईल की, नायट्रेट जितके अधिक तितके चांगले. तसे नाही. गरजेपेक्षा अधिक नायट्रेट मिळाले, तर लेट्यूस ते पानांत साठवून ठेवते; आणि हे पान आपण कच्चेच खातो.

नायट्रेट स्वतः फारसे अपायकारक नाही. पण त्याचा काही भाग तोंडातील जीवाणूंमुळे नायट्राइट बनतो. नायट्राइट रक्तातील हिमोग्लोबिनची प्राणवायू वाहण्याची शक्ती कमी करते. हा धोका विशेषतः काही महिन्यांच्या अर्भकांना असतो. १९४५ साली अमेरिकेतील आयोवा राज्यात, नायट्रेटयुक्त विहिरीच्या पाण्यामुळे अर्भके निळी पडल्याचे हंटर कॉम्ली या डॉक्टरांनी दाखवून दिले. भारतीय मानकांप्रमाणे पिण्याच्या पाण्यात लिटरमागे ४५ मिलिग्रॅमपेक्षा अधिक नायट्रेट असू नये. लेट्यूससाठी युरोपीय संघाने २०११ साली ठरविलेली कमाल मर्यादा अशी आहे : आच्छादनाखाली पिकविलेल्या ताज्या लेट्यूसमध्ये, हिवाळी हंगामात, किलोग्रॅममागे ५००० मिलिग्रॅम आणि उन्हाळी हंगामात ४००० मिलिग्रॅम. गड्ड्याच्या आइसबर्ग जातीस याहून कमी मर्यादा लागू आहे.

दररोज शरीराच्या किलोग्रॅममागे ३.७ मिलिग्रॅमपर्यंत नायट्रेट आयुष्यभर पोटात गेल्यास बाधा नाही, असे तज्ज्ञ मानतात. साठ किलोग्रॅम वजनाच्या माणसास हे प्रमाण २२२ मिलिग्रॅम होते. पानांत किलोग्रॅममागे ३००० मिलिग्रॅम नायट्रेट असेल, तर अवघ्या ७४ ग्रॅम पानांत ते भरते. यावरून पालेभाज्या टाकून द्याव्यात असा अर्थ काढू नये. त्यांच्यापासून होणारा लाभ या चिंतेपेक्षा कितीतरी मोठा आहे, असेच आहारशास्त्र सांगते. मात्र पिकविणाऱ्याने हा साठा विनाकारण वाढवू नये.

हिवाळ्यासाठी मर्यादा अधिक सैल का, असा प्रश्न कोणाच्याही मनात येईल. त्याचे उत्तर प्रकाशात आहे. नायट्रेटचे रूपांतर करणारे विकर आणि त्यास लागणारी शक्ती या दोहोंना सूर्यप्रकाश हवा. प्रकाश मंद असला की रूपांतर मंदावते, शोषण मात्र चालूच राहते. शिवाय पेशी फुगीर ठेवण्यासाठी झाड साखरेच्या जागी नायट्रेट वापरते. लेट्यूसचे बी उष्ण हवेत नीट उगवत नाही व उन्हाळ्यात रोप लवकर फुलावर येऊन पाने कडू होतात. म्हणून काशीत ते ऑक्टोबर–नोव्हेंबरात पेरून थंडीत घ्यावे लागते. नेमक्या याच काळात, डिसेंबर–जानेवारीत, गंगेच्या मैदानावर दाट धुके पसरते आणि कित्येक दिवस ऊन मंद राहते. रामघाटावरील घरे पूर्वाभिमुख असली, तरी सकाळचे ऊन धुक्यात अडते. आणि अरुंद गल्लीतील खिडकीत तर ते पोचतच नाही. म्हणून या ठिकाणी गच्ची हीच योग्य जागा होय, आणि धुक्याच्या दिवसांत नत्राचे प्रमाण कमी करणे हाच योग्य उपाय होय.

साठा कमी राखण्याचे आणखी तीन उपाय आहेत. नत्राचा लहानसा भाग अमोनियमच्या रूपात द्यावा. काढणीपूर्वी तीन-चार दिवस रोपे नायट्रेट नसलेल्या द्रावात किंवा साध्या पाण्यात ठेवावीत. आणि काढणी पहाटे न करता, दिवसभर ऊन मिळाल्यानंतर, सायंकाळी करावी.

९. शाळेत करण्याजोगा प्रयोग

दहा लिटरचे तीन अपारदर्शक डबे घ्यावेत. पारदर्शक डब्यात शेवाळ माजते. प्रत्येकावर थर्माकोलचे झाकण बसवून त्यास चार छिद्रे पाडावीत आणि काथ्याच्या भुशात वाढविलेली तीन आठवड्यांची रोपे त्यांत बसवावीत. मुळांना प्राणवायू मिळावा म्हणून मत्स्यालयात वापरतात तो हवेचा पंप लावावा. प्रत्येक डब्यात दहा लिटर पाण्यास मोनो पोटॅशियम फॉस्फेट दीड ग्रॅम, मॅग्नेशियम सल्फेट चार ग्रॅम आणि चिलेटयुक्त सूक्ष्म अन्नद्रव्यांचे मिश्रण वेष्टनावरील प्रमाणात घालावे. त्यानंतर प्रत्येक डब्यात पुढीलप्रमाणे क्षार घालावेत.

डबा क्रमांक १ : कॅल्शियम नायट्रेट ७ ग्रॅम, पोटॅशियम नायट्रेट ३ ग्रॅम.

डबा क्रमांक २ : कॅल्शियम नायट्रेट ७ ग्रॅम, पोटॅशियम नायट्रेट १.९ ग्रॅम, अमोनियम सल्फेट ०.७ ग्रॅम, पोटॅशियम सल्फेट १ ग्रॅम.

डबा क्रमांक ३ : अमोनियम सल्फेट ७ ग्रॅम, पोटॅशियम सल्फेट २.७ ग्रॅम, कॅल्शियम क्लोराइड ४.९ ग्रॅम.

तिन्ही डब्यांत लिटरमागे नत्र सुमारे १५० मिलिग्रॅमच आहे. पोटॅशियम व कॅल्शियम यांचे प्रमाणही जवळजवळ सारखे राखले आहे. तिसऱ्या डब्यात कॅल्शियम क्लोराइड घातले नसते, तर रोपे अमोनियममुळे खुरटली की कॅल्शियमच्या अभावी, हे सांगता आले नसते. एका वेळी एकच गोष्ट बदलावी व बाकीच्या स्थिर ठेवाव्यात, हा प्रयोगाचा पाया होय. ही अट पूर्णपणे पाळणे कसे कठीण असते, हेही येथे दिसते. तिसऱ्या डब्यात सल्फेट व क्लोराइड वाढले आहेत, आणि बाजारी कॅल्शियम नायट्रेटमध्ये एक टक्का अमोनियमचे नत्र असल्याने पहिला डबाही शुद्ध नायट्रेटचा नाही. निष्कर्ष काढताना या गोष्टी नोंदवाव्यात.

प्रत्येक क्षार निरनिराळ्या भांड्यात, भरपूर पाण्यात विरघळवून मग डब्यात ओतावा. कॅल्शियमचा क्षार सल्फेट किंवा फॉस्फेट यांबरोबर दाट स्वरूपात मिसळल्यास साका बसतो. नायट्रेट क्षार कोळसा, गंधक व अग्नी यांपासून दूर ठेवावेत. अमोनियम नायट्रेट हे खत स्फोटक गुणामुळे २०१२ च्या नियमांखाली येते. या प्रयोगास त्याची गरजच नाही.

आरंभी तिन्ही डब्यांचा सामू ६ च्या आसपास आणावा. पुढे पहिला आठवडा त्यात ढवळाढवळ न करता, रोज ठरावीक वेळी दर्शक कागदाने तो मोजून वहीत लिहावा. सामान्यतः पहिल्या डब्यात तो चढत जातो, तिसऱ्यात उतरत जातो आणि दुसऱ्यात सर्वांत कमी हलतो. चार आठवड्यांनंतर रोपांचे व मुळांचे वजन करावे. नंतर एक ग्रॅम पान खलून १०० मिलिलिटर शुद्ध पाण्यात कालवावे, गाळावे आणि नायट्रेट तपासण्याची पट्टी त्यात बुडवावी. पट्टीवर लिटरमागे जितके मिलिग्रॅम नायट्रेट दिसेल, त्याची शंभरपट म्हणजे एक किलोग्रॅम पानांतील नायट्रेट. काही पट्ट्या नायट्रेटऐवजी त्यातील नत्राचा आकडा दाखवितात. वेष्टन नीट वाचावे. तिसऱ्या डब्यातील पानांत नायट्रेट अत्यल्प सापडेल. पण तेथे पानेच थोडी असतील.

१०. उरलेल्या द्रावाचे काय करावे

प्रयोग संपल्यावर डब्यात खताचे पाणी उरते. घाटालगतच्या वस्तीत ते मोरीत ओतले, तर ते अखेरीस नदीतच जाण्याचा संभव असतो. नत्र व स्फुरद यांनी समृद्ध झालेल्या पाण्यात शेवाळ माजते. ते कुजताना पाण्यातील प्राणवायू खर्च होतो आणि माशांचा जीव गुदमरतो. एका डब्याने हे होणार नाही, हे खरे; पण अनेक गच्च्यांवरील अनेक डब्यांचा हिशेब निराळा होतो. तेव्हा उरलेला द्राव चौपट पाण्यात मिसळून तुळस, झेंडू किंवा अन्य कुंड्यांना द्यावा. तिथे माती आहे. जीवाणू आपले काम करतील आणि तिसऱ्या डब्यातील अमोनियमही वाया जाणार नाही.

११. समारोप

नत्र हे एकच मूलद्रव्य. परंतु नायट्रेट, अमोनियम व युरिया या रूपांत ते मुळांपुढे आले की तीन निरनिराळे परिणाम घडवून आणते. नायट्रेटने रोप सुखाने वाढते, पण पाण्याचा सामू चढतो आणि प्रकाश अपुरा असल्यास पानांत साठा होतो. थोडे अमोनियम या दोन्ही दोषांना आळा घालते, फार अमोनियम मुळांचा घात करते. युरियाला मातीतील जीवाणूंची सोबत लागते. काशीच्या कठीण पाण्यात व हिवाळी धुक्यात लेट्यूस पिकवावयाचे, तर मुख्यतः नायट्रेट, त्यास अमोनियमची अल्प जोड आणि मंद उन्हाच्या दिवसांत नत्राला आवर, ही रीत हितकर होय. अन्यत्र पाणी व ऊन पाहून हे प्रमाण बदलावे लागेल.

अभ्यासासाठी प्रश्न

१. शेतात उपयोगी पडणारा युरिया पाण्याच्या डब्यात का उपयोगी पडत नाही?

२. पावसाच्या पाण्यात व विहिरीच्या पाण्यात सारखेच अमोनियम सल्फेट घातले, तर कोणत्या पाण्याचा सामू लवकर उतरेल? का?

३. पट्टीवर लिटरमागे २५ मिलिग्रॅम नायट्रेट दिसले, तर एक किलोग्रॅम पानांत ते किती असेल? पन्नास किलोग्रॅम वजनाच्या माणसाने अशी किती ग्रॅम पाने खाल्ली असता त्याच्या दैनिक प्रमाणाची मर्यादा गाठली जाईल?

४. वरील प्रयोगात केवळ युरियाचा चौथा डबा ठेवावयाचा झाल्यास दहा लिटरला किती ग्रॅम युरिया लागेल, आणि पोटॅशियम व कॅल्शियम कोणत्या क्षारांतून द्याल?

५. आपल्या गावातील विहिरीचे, नळाचे व पावसाचे पाणी घेऊन प्रत्येकाचा सामू मोजा आणि त्यावरून लेट्यूससाठी अमोनियमचे प्रमाण कोठे कमी व कोठे अधिक ठेवाल, ते सकारण लिहा.